पेपरच्या उजव्या बाजूला

प्रश्न: बाई, नमस्कार. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. हे साखर कारखान्यात कामाला आहेत. मुलगा यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. नववीपर्यंत सत्तर टक्क्यांच्या घरात असायचा. सहामाहीला बीजगणितात 40 पैकी 11 पडले. तो पेपर त्यानं दप्तराच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली लपवला होता. दप्तर धुवायला काढलं तेव्हा मला सापडला. त्या दिवसापासून ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. केबल बंद केली, टीव्हीवर चादर टाकली, कपाटाच्या दारावर मार्करनं '90%' लिहून ठेवलंय. पहाटे साडेचारला उठवतो. रात्री बारापर्यंत मी शेजारी भाजी निवडत बसते, नाहीतर डुलक्या काढतो. क्लास दोन आहेत. बदाम, ब्राह्मी, सगळं चालू आहे. तरी पुस्तक उघडं आणि डोळे भिंतीवर. जावेच्या मुलीला गेल्या वर्षी 96 टक्के पडले, तो विषय घरात रोज निघतो. हे स्वतः दहावीला गणितात गेले होते, पुढं शिकलेच नाहीत. पोराला ते माहीत नाही. माझं काय चुकतंय तेवढं सांगा.
ता.क. परवा धाकटीला म्हणाला म्हणे, 'निकालाच्या दिवशी मी घरात नसेनच बघ.' ती लहान आहे, काहीतरी ऐकलं असेल. पेपरचे फोटो सोबत पाठवते.

ताई, पत्राची सुरुवात मी तुमच्या ता.क.पासून करणार आहे. तुम्ही ते वाक्य सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंत. मला मात्र ते वाचून पत्र खाली ठेवावं लागलं.

धाकटीनं बरोबरच ऐकलं असेल. लहान मुली असली वाक्यं मनानं रचत नाहीत. त्याचा अर्थ 'मामाकडे पळून जाईन' एवढाच असू शकतो. ते नुसतं रागाचं बोलणंही असू शकतं. पण अंदाज बांधत बसू नका, त्याला विचारा. आजच विचारा. घरात कुणी नसताना, किंवा दोघं मिळून दुकानात जाताना. चालता चालता विचारलेलं मुलांना सोपं जातं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. सरळ म्हणा, 'तू असं बोललास ते मला कळलं. मी रागावलेली नाही. जीव नकोसा वाटतो का रे कधी?' अशा विचारण्यानं मुलाच्या डोक्यात नसलेलं घुसतं ही भीती आपल्याकडे सर्रास असते, पण ती खरी नाही. उलट विचारणारं कुणीतरी आहे एवढ्यानंच पुष्कळ मुलं मोकळी होतात. तो 'हो' म्हणाला, किंवा नुसता गप्प राहून रडला, तरी उपदेश करू नका, 'असं बोलायचं नसतं' हेही नको. जवळ बसा. त्याला एकटं ठेवू नका. फवारणीची औषधं घरात असतील तर कुलपात टाका. आणि 14416 या क्रमांकावर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही बोलू शकता, त्यालाच बोलायला लावलं पाहिजे असं नाही. साताऱ्याला सिव्हिलमध्ये मनाचे डॉक्टर असतात, तिथं नेण्यात कमीपणा काही नाही. दहावी दरवर्षी असते.

हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नका, असंच मला म्हणायचंय. खरं तर पुढचं दोन दिवसांनी वाचलंत तरी चालेल.

आता पेपर. बहुतेक आया मुलाचे मार्क कळवतात. तुम्ही पेपरच पाठवलात, चारी पानं, त्याबद्दल आभार. एकतीस वर्षं मी गणित शिकवलं, त्यातली बरीच वर्षं मंडळाचे पेपरही तपासले. तेव्हा सवयीनं चहाचा कप घेऊन आणि लाल पेन बाजूला ठेवून वाचायला बसले.

पहिला प्रश्न, एकेक मार्काचा. आठपैकी पाच. ठीक आहे. पुढं वर्गसमीकरणं. तिथं त्याचं सगळं एकाच ठिकाणी बिनसलंय. एक गणित आहे: एक्स वर्ग वजा सात एक्स वजा अठरा बरोबर शून्य. अठराचे अवयव त्यानं नऊ आणि दोन पाडलेत, बरोबर. मग नवाला अधिक चिन्ह दिलंय आणि दोनाला वजा. हवं होतं उलटं. उत्तर आलं वजा नऊ आणि दोन. त्यातला दोन जरी परत समीकरणात घालून पाहिला असता, तर चार वजा चौदा वजा अठरा, म्हणजे वजा अठ्ठावीस आले असते आणि तिथल्या तिथं कळलं असतं की शून्य येत नाहीये. अर्ध्या मिनिटाचं काम. दुसऱ्या गणितातही नेमकी हीच चूक, तिथंही चिन्हंच. म्हणजे त्याला वर्गसमीकरण येत नाही असं नाही हो! त्याचे आठवीतले अवयव कच्चे राहिलेत. दोन्ही मिळून पाच मार्क तिथं गेले.

आणि आता मला तुम्हाला जे दाखवायचंय ते. तिसरं पान काढा. अंकगणिती श्रेढीचं शाब्दिक उदाहरण आहे. पहिल्या महिन्यात 200 रुपये शिल्लक टाकले, दुसऱ्या महिन्यात 250, तिसऱ्यात 300, तर वर्षभरात एकूण किती. तीन मार्कांचं. डावीकडे जिथं उत्तर लिहायचं तिथं कोरं आहे, नुसता प्रश्नाचा आकडा. पण उजव्या बाजूला, कच्च्या कामाच्या जागेत, बारीक अक्षरात सगळं आहे. पहिलं पद 200, फरक 50, बारा महिने, सूत्र, आणि खाली 5700. त्यावर आडवी-उभी काट. इतकी जोरात मारलीय की फोटोतसुद्धा कागद खरवडलेला दिसतो.

5700 हे उत्तर बरोबर आहे, ताई.

त्याला गणित आलं होतं. आलंय यावर त्याचा विश्वास बसला नाही. काट मारलेलं त्याच्या सरांनी तपासलं नाही, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ते तीन आणि चिन्हांचे पाच धरले तर 11 चे 19 होतात. शेवटचे दोन प्रश्न, चार आणि तीन मार्कांचे, तिथवर तो पोचलाच नाही. दोन तासांच्या पेपरात खाडाखोड करण्यातच त्याचा वेळ गेला, हे पानापानावर दिसतं.

पत्रात तुम्ही विचारलंय, माझं काय चुकतंय. बदाम चुकत नाहीत, देत राहा. ब्राह्मीबद्दल मला विचारू नका. पण उत्तर आलेलं असताना त्यावर काट मारणारा हात कुठं तयार होतो, याचा जरा विचार करा. रात्री बारापर्यंत शेजारी कुणीतरी बसलंय. ते भाजी निवडतंय, पण नजर वहीवर आहे. पोरानं पान उलटलं की तुम्ही बघता, नाही उलटलं तरी बघता. समोर कपाटावर 90. बाप जेवताना त्याच्याशी न बोलता आमटी मागतो. अशा घरात पोर गणित सोडवत नाही, ते चोवीस तास पर्यवेक्षकासमोर बसलेलं असतं. मंडळसुद्धा पेपरापुरतेच दोन-तीन तास बसवतं हो.

मी हे तुम्हाला ऐकवते आहे, पण मी स्वतः यातून गेले आहे. माझी मुलगी दहावीला होती तेव्हा मी शाळेतून यायची, चप्पल काढायची आणि पहिलं वाक्य, 'आज काय केलंस?' एकदा ती म्हणाली, 'बाई शाळेतच राहू दे ना, तू एकटी घरी ये.' मला इतका राग आला होता! आठ दिवस आमचं नीट बोलणं नव्हतं. आज तिला स्वतःची मुलं आहेत, आणि अजूनही ती मला परीक्षेचं काही सांगत नाही. परीक्षा संपल्यावर सांगते. ते मी कमावलंय.

तेव्हा शेजारी बसणं आधी बंद करा. तुम्ही स्वयंपाकघरात, तो बाहेरच्या खोलीत. डुलक्या काढतो म्हणता, तर काढणारच. बाराला झोपून साडेचारला उठतो, म्हणजे साडेचार तास. या वयातल्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. त्यातून वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, रात्री लवकर झोप लागत नाही आणि पहाटे डोळा उघडत नाही. तो आळस नव्हे. दिवसा वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, त्यामुळे झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे चाळणीत पाणी. आपल्या आज्या-आजोबांची पहाट खरी होती, पण ते आठला झोपत. हे लोक विसरतात. दहा-साडेदहाला दिवा बंद, सकाळी साडेसहाला हाक. पहाटेचा अभ्यास नुसता नावाचा होता, तो गेला म्हणून काही बुडत नाही.

दोन क्लासचं मला कळलं नाही. एका क्लासमध्ये बीजगणिताचं पाचवं प्रकरण चालू असेल आणि दुसऱ्यात तिसरं, आणि शाळेत आणखी काही. त्याला विचारा कुठले सर जास्त कळतात, तो एक ठेवा. दुसरा सोडताना फी परत मिळायची नाही. ती गेली असं समजा. त्या वेळात त्याला आठवीचं गणिताचं पुस्तक काढून द्या, बैजिक राशींच्या अवयवांचं प्रकरण. दहावीच्या मुलाला आठवीचं पुस्तक म्हणजे अपमान वाटतो, म्हणून 'सरांनी सांगितलंय' म्हणा, पाहिजे तर माझं नाव सांगा. रोज दहा अवयव, वीस मिनिटं. प्रत्येक उत्तर परत गुणून पाहायचं. एवढाच नियम. पंधरा दिवसांत फरक दिसेल, कारण त्याची चूक नेमकी एकाच ठिकाणी आहे. सगळ्या विषयात बोंब असलेली मुलं मी पाहिली आहेत, तो त्यातला नाही.

रविवारी अकरा वाजता त्याला एक जुना पेपर सोडवू द्या. अकरालाच, कारण मंडळाचा सकाळचा पेपर तेव्हाच असतो, आणि त्या वेळी डोकं चालायची सवय लागते. दोन तास, पुस्तक बंद. पुस्तक वाचून 'येतंय' वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर येणं वेगळं. पेपर चालू असताना घरातला आवाज बंद करायची गरज नाही. परीक्षेतही पंखा कुरकुरतोच. तपासायचं मात्र त्यानं स्वतः, हिरव्या पेननं. तुम्ही नाही आणि ह्यांनी तर नाहीच. आणि एक सांगून ठेवा: काट मारायची नाही. चुकलंय वाटलं तर एक बारीक रेघ आणि पुढं. पेपराच्या शेवटी मंडळ हल्ली दहा मिनिटं जादा देतं. त्या दहा मिनिटांत नवीन काही सोडवायचं नाही, फक्त उजव्या बाजूला काही चांगलं राहून गेलंय का ते बघायचं.

फोनबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ह्यांनी काढून घेतला असणार. क्लासचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मग तो मित्राकडे जाऊन बघतो आणि दोन तासांनी येतो, आणि तुम्ही विचारता कुठं होतास. द्या परत. रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, ओट्यावर. सगळे म्हणजे ह्यांचासुद्धा.

आता ह्यांच्याकडे वळू. मला त्यांचा राग येत नाही. गळीत हंगाम सुरू झालाय, पाळ्या लागल्या असतील, रात्रीचं जागून येणारा माणूस आहे. त्याला स्वतःला गणितात गेल्यामुळे काय काय सोसावं लागलं ते त्याला ठाऊक. पोराचे 11 बघितले आणि त्याला पोराचा पेपर दिसलाच नाही, स्वतःचा दिसला. म्हणून तो बोलत नाही. त्याच्याकडे रागाशिवाय बोलायला शब्दच नाहीत, आणि राग केला तर काय होईल याची त्यालाच धास्ती आहे, असा माझा अंदाज. चुकलं असेल तर तुम्ही सांगा, तुम्ही संसार केलाय.

पण ही गोष्ट पोरापासून लपवून ठेवली आहे, हे मला पत्रातलं सगळ्यात वाईट वाटलं. त्या घरात दोन जणांचे गणिताचे पेपर लपवलेले आहेत. एक दप्तरात सापडला. दुसराही काढा. ह्यांना म्हणावं, पोराला गाडीवर मागं बसवून क्लासला सोडा, आणि जाता जाता सांगा की मी दहावीला गणितात गेलो होतो. निकाल घेऊन घरी यायला किती वाजवले होते ते सांगा. आजोबा काय म्हणाले होते ते सांगा. तिथंच थांबा. 'म्हणून तू तरी' असं एकही वाक्य पुढं जोडायचं नाही! हे त्यांना फार जड जाईल. बापांना शेवटी तात्पर्य लावल्याशिवाय करमत नाही. पण जमलं तर त्या पोराला कळेल की गणितात गेलेला माणूस घरी परत येतो, लग्न करतो, घर बांधतो, रात्रपाळी करून पोराची फी भरतो. ते त्याला आज माहीत नाही. त्याला वाटतंय की नापास झालेली माणसं घरात नसतात.

भीती कशाची आहे तेही जरा मोजून बघू, कारण घरात आकडा फक्त 90 चाच आहे. गणित म्हणजे बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत 20, मिळून शंभर. त्यात 35 झाले की पास. दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागत नाही. भूमितीत त्याला किती पडले ते तुम्ही लिहिलंच नाहीत. बरे पडले असणार, एरवी लिहिलं असतंत. टक्केवारी धरताना सहापैकी सगळ्यात चांगले पाच विषय धरतात, त्यामुळे गणित अगदी कमी पडलं तरी बाकीचे विषय त्याला वर ठेवतील. 2025 साली मंडळाचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला. तुमचा मुलगा उरलेल्या सहामध्ये जाईल असं त्याचा पेपर वाचून मला तरी वाटत नाही. आणि समजा गेलाच एखाद्या विषयात, तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. ह्यांच्या वेळी हे सगळं असं नव्हतं. वर्ष जायचं, आणि वर्षाबरोबर शाळाही जायची.

90 लागणार कशाला, हा प्रश्न कुणी विचारलाय का घरात? कपाटावर लिहिलंय, पण त्याच्या खाली 'कशासाठी' ते नाही. त्याला काय आवडतं ते तुम्ही चार पानांच्या पत्रात एका ओळीतसुद्धा लिहिलं नाहीत. मी दोष देत नाही, दहावीच्या वर्षात ते कुणालाच आठवत नाही. मोटार उघडून बसतो का, गणपतीत मंडपाची वायरिंग करतो का, चित्रं काढतो का, की नुसता क्रिकेट? दहावीनंतर अकरावी सायन्स हा एकच दरवाजा नाही. तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे, तो करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय आहे. कारखान्यात ह्यांच्याबरोबर इन्स्ट्रुमेंटवर, टर्बाइनवर काम करणारी डिप्लोमावाली मुलं असतील, त्यातल्या एखाद्याला रविवारी चहाला बोलवा आणि पोराशी गप्पा मारू द्या. अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झालेत, तेव्हा मार्कांना किंमत आहे, नाही म्हणत नाही मी. पण मार्क कशाला हवेत ते पोराला माहीत असलं की तो स्वतःच खुर्ची ओढतो.

जावेच्या मुलीचं काय करायचं? काही नाही. पोरगी हुशार आहे, तिचं कौतुक करा, पण तिच्या घरी जाऊन.

मंडळाची लेखी परीक्षा 2025 मध्ये 21 फेब्रुवारीला सुरू झाली होती, हल्ली फेब्रुवारीतच असते. म्हणजे तुमच्या हातात तीन महिने आहेत आणि मध्ये सराव परीक्षा. तेवढा वेळ त्याला पुरेल. मधल्या काळात तो एखाद्या संध्याकाळी खेळायला गेला तर जाऊ द्या. आला की 'किती वेळ लावलास' ऐवजी 'कोण जिंकलं' विचारून बघा. पहिल्या दिवशी तो तुमच्याकडे संशयानं बघेल.

टीव्हीवरची चादर काढा. तुमच्या सासूबाई मालिका बघायला रोज शेजारी जात असतील आणि तिथं नातवाच्या 11 मार्कांची चर्चा होत असेल, हे मी न सांगताही तुम्हाला कळतं. कपाटावरचा आकडा थिनरनं पुसला जातो. पण तो तुम्ही पुसू नका, ह्यांनी लिहिलाय, ह्यांनीच पुसू दे. त्याला चार दिवस लागले तर लागू देत.

आणि आज रात्री, ता.क.चं बोलून झाल्यावर, तिसरं पान त्याच्यासमोर ठेवा. तुम्हाला श्रेढी येत नसली तरी चालेल. बोट 5700 वर ठेवा आणि म्हणा, एका बाईंनी कळवलंय, हे बरोबर होतं. पुढं तो काय म्हणतो ते मला कळवा. सराव परीक्षेचे पेपर मिळाले की त्यांचेही फोटो पाठवा. फक्त फोटो काढताना उजवी बाजू कापू नका.